सात पॉइंट चार

आमच्या कॉम्पाउंडच्या पूलचा हीटर दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे पेटतो. वाळवंटातल्या पूलला हीटर कशाला, असं विचारून साताऱ्याचे नातेवाईक हसतात. त्यांनी हुफूफचा ऑगस्ट ऐकलेला असतो, जानेवारी नाही. जानेवारीत इथे पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो. त्यात उत्तरेचा कोरडा वारा सुटला की पूलमधलं पाणी वाफ होऊन उडत राहतं आणि उडताना खालच्या पाण्याची ऊब घेऊन जातं. चार दिवस वारा वाहिला की पाण्यात पाय घालवत नाही.

एके काळी इथल्या लोकांना हीटरची गरज नव्हती. ऐन नज्म, उम्म सबआ असे झरे या अल-अहसात होते, जमिनीतून गरम-कोमट पाणी आपोआप वर यायचं. पंचवीस लाख खजुराची झाडं या ओअॅसिसमध्ये आहेत, २०१८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं, ते सगळं त्या पाण्याच्या जिवावर. आता झरे आपणहून वाहत नाहीत, पंपाने उपसावे लागतात. पाणी जडही आहे. किटली पांढरी होते, शॉवरची भोकं महिन्यात बुजतात. त्यामुळे हुफूफमध्ये काहीही बिघडलं की पहिला आरोप पाण्यावर येतो. गीझर गेला, मोया खराब. वॉशिंग मशीन गेलं, मोया खराब. केस गळले, तरी मोयाच. मी इथे मेंटेनन्समध्ये पंधराहून जास्त वर्षं काढली आहेत आणि हा आरोप मीही शेकडो वेळा सही करून दिला आहे. त्यातल्या एका सहीची ही गोष्ट.

आमचा हीटर गॅसवर चालणारा. आत तांब्याच्या नळ्या, नळ्यांवर तांब्याच्याच पातळ चकत्या, खाली बर्नर. नळ्यांतून पूलचं पाणी फिरतं, बाहेरून आग लागते. म्हणजे आपला बंबच, फक्त आडवा आणि महाग. आमच्या घरी पुण्याच्या तांबट आळीतून आणलेला बंब होता. नरकचतुर्दशीला पहाटे चारला वडील तो पेटवायचे आणि धुराने डोळे चोळत आम्ही उटण्याची वाट बघत बसायचो. तो बंब आजोबांनी घेतलेला, मी इंजिनिअर झालो तरी गळला नव्हता. आमच्या पूलचा पहिला हीटर नऊ वर्षांनी गळला. दुसरा, नवाकोरा, चौदा महिन्यांत.

पहिला गळला तो डिसेंबर २०१८ मध्ये. वय झालं, पाणी खराब, असं लिहून मी मोकळा झालो. जानेवारीत नवा बसला. फेब्रुवारी २०२० मध्ये पूलवाल्याने सकाळी सातला फोन केला, ‘मुहंदिस, हीटर रोता है.’ जाऊन बघतो तर बर्नरवर थेंब थेंब पाणी पडतंय आणि प्रत्येक थेंबाला चुर्रर्र आवाज होतोय.

पूलवाला नोआखालीचा, माझ्याच वयाचा, पन्नाशीला टेकलेला. अकरा वर्षं हाच पूल सांभाळत होता. जाळीने पाला काढायचा, फिल्टर धुवायचा, संध्याकाळी चारला पाण्याची तपासणी करून वहीत आकडे लिहायचा. ती वही महिन्याच्या शेवटी माझ्याकडे सहीला यायची. पीएचच्या रकान्यात रोज ७.४. तीसही दिवस. फेब्रुवारीत अठ्ठावीसही दिवस. मी सही करायचो.

मुदीरला त्याच दिवशी संध्याकाळी रिपोर्ट हवा होता. एका हीटरची किंमत काही थोडी नसते, आणि ते दिवस असे होते की आश्रितांच्या फीमुळे निम्मी कुटुंबं मायदेशी गेली होती, कॉम्पाउंडमधले व्हिले रिकामे पडत होते, मालक प्रत्येक रियाल मोजत होता. मी लिहिलं: पाण्यातले क्षार, आणि ऑपरेटरकडून अॅसिडचा अतिवापर झाल्याची शक्यता. शक्यता हा शब्द मी लिहिला होता, हे मला नंतर कित्येक दिवस स्वतःलाच सांगावं लागलं. वरच्या माणसांनी शक्यता वाचली नाही, अॅसिड वाचलं. दोन महिन्यांच्या पगारातून काही रक्कम कापायची आणि मार्चअखेर त्याला खुरूज, म्हणजे फायनल एक्झिट, असं ठरलं. त्याने मला काही विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी ‘सलाम अलैकुम’ जरा हळू आवाजात आला.

पुढे जे घडलं त्याचं श्रेय मला नाही. आमच्या शेजारच्या व्हिलात एक इंग्रज कुटुंब राहायचं. त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी रोज पोहायची. तिचे सोनेरी केस त्या हिवाळ्यात टोकांना पोपटी झाले. तिच्या आईने मला पार्किंगमध्ये गाठून सांगितलं की तुम्ही क्लोरीन फार टाकता. मी हो हो म्हटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘पण आपल्या पोरांच्या केसांना तर काही झालं नाही.’ मी म्हटलं, ‘आपल्या पोरांचे केस काळे आहेत, त्यावर कुठला रंग दिसणार?’ हे बोललो आणि तसाच बसून राहिलो. क्लोरीन केस हिरवे करत नाही. केस हिरवे करतं तांबं. पाण्यात विरघळलेलं तांबं केसाला चिकटतं आणि क्लोरीनच्या संगतीने त्याचा हिरवा रंग होतो. म्हणजे ते माझ्या मुलांच्याही केसांत होतं, फक्त दिसत नव्हतं. पूलमध्ये तांबं येण्याची जागा एकच. ते आमचा हीटर होतं.

आपल्याकडे यासाठी एक नेमकं क्रियापद आहे: कळकणे. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं, हिरवट होतं, तोंडात घेववत नाही. म्हणून कल्हई. कल्हईवाला आळीत आला की आई चिंचेने घासलेली भांडी घेऊन धावायची. चिंच तांब्याला लख्ख करते ती कशी? वरचा काळा थर आंबटाने विरघळवून. थर गेला की खाली गुलाबी, नवं तांबं. आंबट तिथेच राहू दिलं तर ते पुढचाही थर खातं. हे मला शाळेच्या आधीपासून माहीत होतं आणि तरी मी रिपोर्टात क्षार लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी मी भंगारात टाकलेला एक्स्चेंजर शोधून आणला आणि वर्कशॉपमध्ये करवतीने उभा कापला. हे मी आधी करायला हवं होतं. गंजाचा तपास करताना पहिला प्रश्न असतो, कुठल्या बाजूने खाल्लं? बाहेरून की आतून?

बाहेरून खाल्लं असतं तर कारण वेगळं. बर्नरच्या ज्वाळेतून जी वाफ निघते ती फार थंड नळ्यांवर दव धरते. त्या दवात जळलेल्या वायूचं आम्ल उतरतं आणि चकत्यांवर हिरवी-पांढरी पूड साचते. हीटर सुरू होताना पहिली काही मिनिटं टपकतो आणि मग थांबतो, ही त्याची खूण. कधी अॅसिडचे कॅन हीटरशेजारी ठेवलेले असतात, त्यांची वाफ बर्नर ओढून घेतो आणि बाहेरचा पत्रा गंजतो. आमच्या चकत्या मात्र थोडी काजळी सोडली तर धड होत्या.

म्हणजे आतून. आतून खाण्याचेही प्रकार आहेत. पाणी फार जोरात पळालं तर वळणांवर घोड्याच्या नालेसारखे खड्डे पडतात. तसे नव्हते. आणि क्षारांनी मारलं असतं तर नळी चुन्याने बुजलेली सापडली असती, आमच्या किटलीसारखी. पांढरा थर उष्णता आत जाऊ देत नाही, तांबं तापून तडकतं. मी कापलेली नळी हातात धरली तर आतून लख्ख, गुलाबी, नुकतीच चिंचेने घासल्यासारखी. चुन्याचा कण नाही. तोंडाशी तिची जाडी कागदाएवढी झालेली.

हुफूफच्या पाण्यावर चालणाऱ्या नळीत चुना नाही, हाच पुरावा होता. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लँगेलिअर यांनी १९३६ मध्ये एक हिशोब मांडला. पाण्याचा पीएच, अल्कलिनिटी, कॅल्शियम, तापमान आणि विरघळलेले क्षार घेतले की ते पाणी चुना टाकणारं आहे की चुना खाणारं, हे काढता येतं. शहराच्या नळांसाठी केलेला हिशोब, पण पूलवाले आजही तोच वापरतात. आमचं पाणी त्या हिशोबाने चुना टाकायला हवं होतं, आणि चुन्याचा पातळ थर तांब्याला एक प्रकारची कल्हईच असते. ज्या पाण्याला मी आरोपी केलं होतं ते खरं तर राखणदार होतं. त्याला कुणीतरी रोज धुवून काढत होतं.

अॅसिडच्या खोलीत गेलो. म्युरिॲटिक अॅसिडचे दोन कॅन होते, तारीख २०१८ ची. एक सीलबंद, दुसरा पाऊण भरलेला. ज्या माणसावर अॅसिडच्या अतिवापराचा आरोप मी ठेवला होता त्याने दोन वर्षांत पाव कॅन वापरला होता. आणि इथेच मला आणखी खटकायला हवं होतं. जड पाण्याच्या पूलचा पीएच आपोआप वर चढत राहतो, त्याला अॅसिड लागतंच. दोन वर्षं लागत नसेल तर अॅसिड दुसरीकडून येत आहे.

मी त्याला विचारलं, ‘भाई, ये सात पॉइंट चार रोज कैसे आता है?’

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘पहले जो सुपरवायझर था, वो बोला था, बराबर लिखना, नहीं तो मुहंदिस गुस्सा होगा.’

तो मुहंदिस मी.

‘असली कितना आता है?’

‘शाम को सात. कभी थोडा नीचे. लेकिन सुबह मोटर चालू करता हूँ तो बहुत गंध आता है, आँख जलता है. आपको बोला था.’

बोलला होता. दोनदा. एकदा मी त्याला मास्क दिला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही दोघं पंपाच्या खोलीत होतो. बाहेर धुकं होतं, मशिदीतून लोक परतत होते. हीटरच्या ड्रेनला मी एक नळी लावली, त्याने पंप चालू केला, पहिल्या मिनिटातलं पाणी बाटलीत धरलं. फिनॉल रेडचे थेंब टाकले तर पाणी पिवळं. हा रंग ६.८ च्या खालचं काही सांगत नाही, पिवळा तो पिवळा. ऑफिसमधून आणलेलं मीटर बुडवलं, ४.३. दहा मिनिटांनी तेच पाणी ६.९ वर आलं. पूल जवळजवळ ठीक होता. हीटरला मात्र रोज पहाटे ताकाचा पेला पाजला जात होता.

आता हे कसं, ते सांगतो, कारण यातलं प्रत्येक पाऊल माझं आहे. २०१६ मध्ये क्लोरीन सोडणारा छोटा डोसिंग पंप बंद पडला. सुट्टा भाग यायला वेळ होता. मी म्हटलं, तोपर्यंत गोळ्या स्किमरमध्ये टाक. स्किमर म्हणजे पूलच्या काठावरची ती खिडकी, जिथून वरचा पाला आणि किडे ओढले जातात. तिथे जाळीची टोपली असते, गोळ्या ठेवायला सोयीची. तात्पुरतं, म्हणालो. गल्फमध्ये तात्पुरत्याचं आयुष्य किती असतं ते वाचकांना सांगायला नको. या गोळ्या ट्रायक्लोरच्या. पाण्यात विरघळल्या की ते पाणी चांगलंच आंबट होतं, पीएच तीनच्या आसपास. पंप चोवीस तास चालत होता तोवर ते आंबट लगेच अख्ख्या पूलमध्ये पसरून जायचं, हीटरला त्याचा फारसा उपद्रव नव्हता. मग १ जानेवारी २०१८ ला विजेचे दर वाढले, त्याच दिवशी व्हॅटही आला, आणि बिल कमी करा असा हुकूम निघाला. मी पंपाला टायमर लावला. रात्री दहा ते पहाटे साडेपाच बंद. बचतीबद्दल शाबासकीही मिळाली. त्या साडेसात तासांत गोळ्या टोपलीत, थांबलेल्या पाण्यात, विरघळत बसायच्या. पहाटे पंप सुरू झाला की तो सगळा अर्क आधी पंपात, मग फिल्टरमध्ये आणि मग तांब्याच्या नळ्यांत. त्यानंतर पूलमध्ये जाऊन पातळ व्हायचा. संध्याकाळी चारला तपासणाऱ्याला त्याचा पत्ता कसा लागणार?

अल्कलिनिटीचंही तसंच. पट्टीवर ७० दिसायची, बरी वाटायची. पण या गोळ्यांबरोबर सायन्युरिक अॅसिड साचत जातं आणि ते अल्कलिनिटीच्या आकड्यात घुसून बसतं. ते जितकं असेल त्याचा साधारण तिसरा हिस्सा वजा करावा लागतो. आमच्याकडे ते १२० झालं होतं. ७० मधून ४० गेले, उरले ३०. पाहिजेत ८० ते १२०. पाण्याची सहनशक्तीच संपली होती आणि वही म्हणत होती, सगळं ठीक.

मी दुसरा रिपोर्ट लिहिला. एक पान. त्यात शक्यता हा शब्द नव्हता. गोळ्या कुणाच्या सूचनेवरून, टायमर कुणाचा, वहीवर सही कुणाची, हे लिहिलं आणि कापलेल्या नळीचा तुकडा कागदाबरोबर ठेवला. ते पान मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो, हेही सांगतो. घरात दोन मुलांच्या शाळेची फी होती, इकामा जूनमध्ये संपत होता. शूर असल्याचा आव आणत नाही. मुदीरने पान वाचलं, नळी बोटांनी चिमटून बघितली, ती वाकली. म्हणाला, ‘मग हे आधी का नाही लिहिलं?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानेही पुढे विचारलं नाही. मला एक वॉर्निंग लेटर मिळालं.

त्या आठवड्यातच, मार्चच्या मध्यात, कोरोनामुळे विमानं बंद झाली. खुरूजचा कागद रद्द झाला तो माझ्या पानामुळे की विमानांमुळे, हे मला आजही नक्की माहीत नाही. पूल बंद झाला, हीटरची घाई संपली. त्याच्या पगारातून कापलेली रक्कम परत आली नाही. ईदला मी तेवढेच पैसे पाकिटात घालून त्याला दिले. त्याने माझ्यासमोर मोजले, वरचे पन्नास रियाल परत केले आणि म्हणाला, ‘इतनाही था.’

पूल बंद असताना आम्ही दोघांनी सगळी जोडणी नव्याने केली. तुमच्यापैकी कुणाच्या व्हिलात पूल असेल, किंवा पुण्याच्या सोसायटीत फ्लॅट घेतला असेल आणि कमिटीत ओढले गेला असाल, तर हे उपयोगी पडावं. स्किमरमध्ये गोळी ठेवायची नाही, हे पहिलं आणि सगळ्यात स्वस्त. गोळ्याच वापरायच्या तर वेगळा फीडर, आणि तो हीटरच्या पुढे, म्हणजे पाणी तापून बाहेर पडल्यावर. मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर पंप थांबल्यावर आंबट पाणी उलटं हीटरमध्ये उतरतं. हा व्हॉल्व्ह काही वर्षांनी आतून कुजतो, बाहेरून कळत नाही, उघडून बघावा लागतो. अॅसिड टाकताना किंवा क्लोरीनचा मोठा डोस देताना हीटर बायपास करायचा. बर्नर बंद झाल्यावर पंप थोडा वेळ चालू ठेवायचा. पीएच ७.२ ते ७.८, आणि नमुना कधी घेतला ती वेळ आकड्याशेजारी लिहायची. मी आता महिन्यातून एकदा तांब्याचीही चाचणी करतो. ती स्वस्त असते, काही रियालांची. पाण्यात तांबं दिसायला लागलं की हीटर विरघळतो आहे, गळायच्या कितीतरी आधी. पायऱ्यांवर निळसर-हिरवी झाक आली तर ती शेवाळं म्हणून घासू नका, आधी चाचणी करा. आमच्या पायऱ्यांवर ती वर्षभर होती आणि आम्ही घासत होतो.

टायटॅनियमच्या नळ्यांचा हीटर मिळतो, त्याला क्लोरीन आणि मीठ फारसं काही करू शकत नाही. मालकाने किंमत ऐकून नाही म्हटलं. तांब्याचाच घेतला. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. तांबं निदान आधी हिरवं होऊन सांगतं तरी.

इंग्रज कुटुंब विमानं सुरू झाल्यावर परत गेलं. जायच्या आधी मी त्या मुलीच्या आईला भेटून सांगितलं की तुमची तक्रार बरोबर होती, फक्त क्लोरीनऐवजी तांबं होतं. तिने मुलीचे केस आधीच कापून टाकले होते.

हीटरला आता पाचवा हिवाळा लागेल. परवा बर्नर साफ करायला झाकण काढलं, नळ्यांची तोंडं बघितली. आत पातळ पांढरा थर आहे, खडूच्या बोटासारखा. पूलवाला मागून टॉर्च धरून उभा होता. वही आता तो आपणहून दर गुरुवारी दाखवतो. मागच्या आठवड्यात होतं ७.३, ७.६, ७.५, ७.२, एका दिवशी ७.९ आणि पुढे बंगालीत काहीतरी. काय लिहिलंय विचारलं तर म्हणाला, त्या दिवशी टँकरचं नवं पाणी भरलं होतं, अॅसिड टाकलं, हीटर बायपास केला, सकाळी परत बघितलं.